कोर्टाखालची ओल : नवी मुंबईतल्या एका बॅडमिंटन हॉलचं प्रकरण

नवी मुंबईतल्या एका क्रीडा मंडळाच्या हॉलमध्ये मे महिन्यात चार बॅडमिंटन कोर्टांवर सिंथेटिक मॅट चिकटवली गेली. ऑगस्ट अर्धा सरेपर्यंत त्यातली दोन कोर्टं बंद करावी लागली. मॅट चांगल्या प्रतीची होती, बसवणारे कारागीर सरावलेले होते आणि हॉलचं छप्पर कुठेही गळत नव्हतं. तरी मॅटखाली फुगे आले, सांधे उकलले आणि संध्याकाळच्या बॅचमधल्या एका मुलीचा पाय उकललेल्या सांध्यात अडकून मुरगळला. त्यानंतर मंडळाने मला बोलावलं. मी स्थापत्य अभियंता आहे. इमारतींतली ओल कुठून येते ते शोधणं हे माझं रोजचं काम.

मंडळाचं आणि पुरवठादाराचं नाव किंवा नेमका सेक्टर मी देत नाही. प्रकरण मात्र सविस्तर मांडतो, कारण वाशी, सानपाडा, नेरूळ, ऐरोली आणि पलीकडे ठाण्यात कोलशेत-बाळकुमच्या बाजूला खाडीकाठी तळमजल्यावर असे कितीतरी हॉल आहेत. शाळा, सोसायट्या आणि मंडळं सगळीकडे आता सिंथेटिक फरशी घालून घेत आहेत. मुलांच्या पायांसाठी ती हवीच. पण ती ज्या स्लॅबवर बसते त्याची विचारपूस न करता घेतली तर काय होतं, ते या हॉलने दाखवून दिलं.

हॉल साधा आहे. पत्र्याचं उंच छप्पर, विटांच्या भिंती, भिंतींच्या माथ्याशी हवा खेळायला जाळ्या. चार कोर्टं शेजारी शेजारी. एक कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद. भोवतीची मोकळी जागा धरून सगळी मिळून सुमारे सहाशे चौरस मीटर फरशी होते. पहिली दोन कोर्टं रस्त्याकडे, तिसरं आणि चौथं खाडीकडे. आधीची फरशी ट्रिमिक्सची होती, म्हणजे ओतलेल्या काँक्रीटमधलं जादा पाणी यंत्राने ओढून घेऊन वरून घोटलेली. तिच्यावर हिरवा इपॉक्सी रंग आणि पांढऱ्या रेषा.

मिलिमीटरवर झालेला निर्णय

नव्या फरशीची मागणी पालकांची होती आणि ती रास्त होती. घोटीव काँक्रीटवर रोज दोन-दोन तास उड्या आणि लंज मारणाऱ्या मुलांच्या नडग्या दुखायच्या, टाचा ठणकायच्या. प्रशिक्षक मॅडम कार्यकारिणीच्या मागे लागल्या होत्या. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं : "फूटवर्क शिकवायचं आणि गुडघे घालवायचे, हे मला जमणार नाही."

फरशी पायाला किती सांभाळून घेते ते मोजता येतं. घरातल्या खेळांच्या फरश्यांसाठी युरोपात ईएन १४९०४ हे मानक २००६ साली आलं. त्यातल्या चाचणीत २० किलोचं वजन ५५ मिलिमीटर उंचीवरून एका कडक स्प्रिंगवर सोडतात. काँक्रीटवर जो दणका बसतो त्याच्या तुलनेत नव्या फरशीवर तो किती टक्क्यांनी कमी बसला, तो आकडा म्हणजे त्या फरशीचं आघातशोषण. मानकात बसायला किमान २५ टक्के लागतात. काँक्रीटवर थेट चिकटवलेल्या फोमच्या मॅट बहुधा २५ ते ३५ टक्क्यांच्या सगळ्यात खालच्या वर्गात येतात. खाली लवचिक लाकडी सांगाडा असेल तर ४० ते ५५ आणि त्यापुढे ५५ ते ७५ असे वरचे वर्ग आहेत. मोठ्या स्पर्धांमध्ये टीव्हीवर दिसणारी हिरवी मॅट सहसा अशा लाकडी सांगाड्यावर पसरलेली असते, हे आपल्याकडे मॅट घेणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. मुलांच्या पायांना जे सुख मिळतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्या लाकडाचं असतं, असं माझं मत आहे.

दुसरा आकडा घर्षणाचा. लंबकाच्या चाचणीत तो ८० ते ११० च्या मध्ये हवा. कमी असेल तर पाय घसरतो. जास्त असेल तर बूट जागीच रुततो, अंग वळतं आणि गुडघा पिळतो. नॉर्वेतल्या हँडबॉल खेळाडूंवरचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात स्त्री खेळाडूंना गुडघ्यातल्या लिगामेंटची इजा लाकडी फरशीपेक्षा जास्त घर्षणाच्या कृत्रिम फरशीवर अधिक झालेली दिसली. म्हणून "ग्रिप एकदम भारी" असं विक्रेता सांगतो तेव्हा त्याला आकडा विचारावा.

मंडळाच्या बैठकीत हे दोन्ही आकडे आले नाहीत. चर्चा रंगली ती मिलिमीटरवर. कोटेशन तीन प्रकारांची होती. एक पीव्हीसी मॅटचं, साडेचार किंवा सात मिलिमीटर जाडीची, जमिनीला चिकटवायची. एक पॉलियुरेथेनचं, ज्याला सगळे पीयू म्हणतात : खाली रबराच्या कणांची चटई, तिची छिद्रं बुजवणारा थर, त्यावर दोन घटक मिसळून जागेवर ओतलेला थर, वर रंग आणि रेषा. तिसरं लाकडी सांगाड्यावर सुट्या मॅटचं, आणि तेच सगळ्यात महाग. खजिनदारांनी तक्ता केला. त्यात जाडी, रंग, हमीची वर्षं आणि दर असे रकाने होते. खालच्या स्लॅबसाठी रकाना नव्हता.

सात मिलिमीटरची पीव्हीसी मॅट मंजूर झाली. हॉलमध्ये सकाळी योगवर्ग असतो, सुट्टीत मुलांची शिबिरं होतात. मॅट गुंडाळा आणि पसरा ही कटकट नको म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत ती पूर्ण चिकटवायचं ठरलं. कागदावर हा निर्णय सुटसुटीत होता. ज्या जमिनीवर हॉल उभा आहे तिथे मात्र तोच सगळ्यात जोखमीचा होता.

मे महिन्यातली कोरडी फरशी

बसवणाऱ्यांनी तपासणी केली नव्हती असं नाही. दोन पिनांचा ओलावामापक जागोजागी टेकवून पाहिला आणि सगळीकडे फरशी कोरडी आली. त्या दिवसापुरतं ते खरंही होतं.

जमिनीवर टेकलेला काँक्रीटचा स्लॅब वरच्या बाजूने सुकतो. उन्हाळ्यात त्याचा वरचा थर ठणठणीत कोरडा असतो, पण मातीला लागलेल्या पोटात ओल मुरलेली असते. ही ओल बाष्प होऊन वर सरकत राहते आणि हवेत निघून जाते, म्हणून उघड्या फरशीवर ती कळत नाही. वर पीव्हीसीचा हवाबंद थर चिकटवला की बाहेर पडायची वाट बंद होते. मग स्लॅबमधली ओल हळूहळू पोटापासून माथ्यापर्यंत सारखी पसरते आणि थेट गोंदाच्या थराला येऊन भिडते. पिनांचा मापक फक्त वरचं सांगतो. झाकल्यावर काय होणार ते जाणून घ्यायचं तर आतलं मोजावं लागतं.

त्यासाठी एएसटीएम या अमेरिकन मानक-संस्थेची एफ २१७० ही पद्धत आहे. स्लॅबच्या जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत बारीक छिद्र पाडायचं, त्यात नळी बसवून तोंड बंद करायचं, किमान चोवीस तासांनी आतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता मोजायची. १२५ मिलिमीटरच्या स्लॅबला हे छिद्र ५० मिलिमीटर खोल होतं. गोंद बनवणारी प्रत्येक कंपनी आपली मर्यादा माहितीपत्रकात देते. ती बहुधा ७५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान असते. याहून साधी चाचणी म्हणजे दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून फरशीवर चिकटवायचा आणि किमान सोळा तासांनी उचलून खाली दमटपणा किंवा काळसर डाग दिसतो का ते बघायचं. ती ढोबळ आहे, उन्हाळ्यात फसवूही शकते, पण तिला खर्च जवळपास नाही. इथे यातलं काहीच झालं नव्हतं.

फुगे

तक्रार सगळ्यात आधी केली ती सकाळी सहाच्या बॅचमधल्या बायकांनी. जुलैच्या मध्यावर त्यांच्यातल्या एका काकूंनी सचिवांना सांगितलं, "अहो, चौथ्या कोर्टावर नेटजवळ जमीन वर आल्यासारखी वाटतेय." सचिवांनी संध्याकाळी येऊन पाहिलं, त्यांना काही दिसलं नाही. हौशी खेळणाऱ्यांना काहीतरी वाटलं असेल म्हणून विषय तिथेच राहिला.

काकूंचं बरोबर होतं, आणि त्यांनाच का दिसलं याला कारण आहे. संध्याकाळी दिवे थेट डोक्यावर असतात. त्या उजेडात मॅट सपाट दिसते. सकाळचा उजेड जाळ्यांतून तिरका येतो आणि नाण्याएवढ्या फुगवट्याचीही सावली पडते. मी पाहणी केली ती मुद्दाम त्याच वेळी, दिवे बंद ठेवून. चौथ्या कोर्टावर बशीएवढे फुगवटे दिसत होते, तिसऱ्यावर कमी, दुसऱ्यावर शोधून एखादा, पहिल्यावर एकही नाही. फुगवट्यावर टाचेने दाबलं की तो दबायचा आणि शेजारी वर यायचा. नाण्याने टकटक केलं की आसपासचा भाग पोकळ वाजायचा.

मी येण्याआधी पुरवठादाराने एकदा दुरुस्ती केली होती. कारागीर आला, इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक फुगा टोचून हवा काढली, त्याच सिरिंजने आत गोंद भरला आणि वर वाळूची पोती ठेवून गेला. दोन-तीन दिवस फरशी सपाट दिसली. मग फुगे परत आले आणि ज्या सांध्यांवर वेल्डिंगची दोरी (दोन रोल जोडण्यासाठी सांध्यात वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची दोरी) होती तिथून मॅटच्या कडा वर वळायला लागल्या. त्या मुलीचा पाय अडकला तो अशाच एका कडेत. डॉक्टरांनी तीन आठवडे खेळ बंद ठेवायला सांगितला आणि तिची जिल्हा निवड चाचणी हुकली. कोटेशनच्या तक्त्यात न मावणारं नुकसान ते हे.

कार्यकारिणीत तोवर दोन तट पडले होते. एकांचं म्हणणं, छप्पर गळतंय. दुसऱ्यांचं म्हणणं, पुसणाऱ्या मामांनी जास्त पाणी वापरलं. छपराचं म्हणणं लगेच निकालात निघालं : भिंतींच्या वरच्या भागावर एकही ओघळ नव्हता. पुसण्याचं म्हणणंही टिकलं नाही, कारण मामा चारही कोर्टं सारखीच पुसायचे आणि फुगे मात्र खाडीकडेच वाढत गेले होते.

तिसरी शक्यता खरोखर तपासण्यासारखी होती, ती दव धरण्याची. पावसाळ्यात आपल्याकडे हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्क्यांची असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या थोडा वर जातो. फरशी त्याहून थंड असली की हवेतलं पाणी तिच्यावर धरतं आणि कोर्ट निसरडं होतं. हे या हॉलमध्ये अधूनमधून घडतही होतं. पण दव मॅटच्या वर धरतं, गोंद खालून सुटला होता.

मग मी मामांशी बोलत बसलो. ते हॉल बांधला तेव्हापासून तिथे आहेत.

"मामा, मॅट नव्हती तेव्हा पावसाळ्यात फरशी कशी असायची?"

"रस्त्याकडची बरी असायची, साहेब. खाडीकडच्या बाजूला योगाच्या चटया रात्री तशाच राहिल्या तर सकाळी खालून ओल्या. रंगाचे पापुद्रे पण तिकडचेच निघायचे. दर दिवाळीला मी तेवढाच पट्टा रंगवायचो."

"हे मॅट घेताना कमिटीला सांगितलं होतंत?"

"मला कुणी विचारलं नाही, साहेब."

प्लॅस्टिकच्या तुकड्याची जी चाचणी मानकात लिहिली आहे ती या हॉलमध्ये योगाच्या चटयांनी दर पावसाळ्यात होत आली होती. निकाल मामांना तोंडपाठ होता. इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला खरेदीच्या बैठकीत बसवलं पाहिजे, हे मी तेव्हापासून प्रत्येक मंडळाला सांगतो.

मॅट उचलल्यावर

चौथ्या कोर्टाच्या कोपऱ्यात सांधा कापून मॅट हातभर उलटली. आंबूस वास आला. गोंद वाळलेला नव्हता. साबण पाण्यात भिजत राहिल्यावर जसा बुळबुळीत होतो तसा झाला होता, बोटाला लागत होता, आणि त्याच्याखाली हिरव्या रंगाचे पापुद्रे स्लॅबपासून सुटून गोंदाबरोबर वर आले होते. म्हणजे मॅट चिकटली होती रंगाला, आणि रंगाची पकड स्लॅबवर आधीच सुटत होती. जुना रंग पूर्ण खरवडून काढणं बसवणाऱ्यांच्या कामात धरलंच नव्हतं.

स्लॅबवर थोडं डिस्टिल्ड पाणी टाकून मिनिटभराने पीएच कागद, म्हणजे क्षारता रंगाने दाखवणारा कागद, लावला. कागद गडद निळा होत पट्टीच्या टोकाच्या रंगाला गेला. ताज्या काँक्रीटचा पीएच १२-१३ असतो. जुनं काँक्रीट हवेमुळे वरवर सौम्य होत जातं, पण आतून वर येणारी ओल क्षार बरोबर घेऊन येते. पाण्यात मिसळून बनवलेले अॅक्रिलिक गोंद हा क्षार फार काळ सोसत नाहीत. त्यांचं हळूहळू विघटन होतं. बोटाला लागलेला बुळबुळीतपणा त्याचाच. सिरिंजने आणखी गोंद भरणं म्हणजे त्याच क्षाराला आणखी खाद्य देणं होतं.

नंतर चारही कोर्टांवर छिद्रं पाडून आतली आर्द्रता मोजली. चौथं आणि तिसरं नव्वदीच्या बरंच वर. दुसरं ऐंशीच्या पुढे, पहिलं त्याच्या थोडं खाली. गोंदाच्या माहितीपत्रकातली मर्यादा ८० होती. शेवटी खाडीकडच्या कोपऱ्यात एक छिद्र स्लॅबच्या आरपार नेलं. स्लॅबखाली दगडाचं सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, होतं, पण त्याच्या फटी मुरमाने गच्च भरलेल्या. जमिनीखालची ओल अडवायला स्लॅबच्या खाली जो प्लॅस्टिकचा कागद घालतात तो नव्हताच. सोलिंगच्या दगडांमध्ये पोकळी राहिली तर पाणी वर चढायला वाट राहत नाही. मुरूम बसला की तोच वाट बनतो. भिंतीच्या पायथ्याशी त्याच कोपऱ्यात लोणा धरला होता, पांढरी पूड बोटाने निघत होती.

इथे नवी मुंबईची जमीन समजून घ्यावी लागते. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १७ मार्च १९७० ची. शहर वसवलं तेव्हा खाडीलगतचे बरेच भाग मिठागरांचे, भातशेतीचे आणि चिखलाचे होते. कित्येक ठिकाणी जमिनीची पातळी मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणून तर शहरात धारण तलाव बांधले. भरती असताना त्यांचे दरवाजे खाडीचं पाणी बाहेर अडवतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटी लागली की खाडीत उतरतं. मोसमात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, आणि साडेचार मीटरच्या पुढच्या भरतीबरोबर जोराचा पाऊस आला की सगळी यंत्रणा ताणली जाते. भूजल तेव्हा जोत्याच्या अगदी जवळ येतं. खाली खाडीची चिकण माती. तिच्यातून पाणी केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, वर चढतं. हॉलच्या खाडीकडच्या बाजूला भराव जास्त खोल असणार, हे आसपासच्या जुन्या गटारांच्या उतारावरूनही कळत होतं. अशा जमिनीवर मे महिन्यात फरशी कोरडी दिसणं याला काहीच अर्थ नाही.

कार्यकारिणीतल्या एका सदस्यांनी विचारलं, पीयू घेतलं असतं तर वाचलो असतो का? त्याला सांधे नसतात हे खरं. पण पीयूलाही कोरडाच स्लॅब लागतो. त्यातला आयसोसायनेट हा घटक पाण्याशी संयोग पावतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, म्हणजे ओल्या स्लॅबवर ओतताना थरातच बुडबुडे धरू शकतात. ओतताना फरशीचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर हवं असा नियम याच भीतीपोटी पाळतात. आणि बिघडलंच तर मॅट सोलून निघते. पीयू घासून काढावं लागतं.

कुणी भरायचं

हमीपत्रात एक ओळ होती : तळाची फरशी कोरडी आणि योग्य असल्याची जबाबदारी ग्राहकाची. मंडळ त्या ओळीने चिडलं. पुरवठादार त्या ओळीवर अडून बसला. माझं मत मी दोघांपुढे मांडलं. ग्राहकाला मोजता येत नाही असली जबाबदारी त्याच्यावर टाकायची, तर ती मोजायची कशी हे कोटेशनमध्येच लिहायला हवं. आणि जुन्या सुटत्या रंगावर गोंद लावणं ही तर सरळ बसवणाऱ्याची चूक होती. दुसऱ्या बाजूने, स्लॅबखाली कागद नाही याला मॅटवाला जबाबदार नाही. तडजोड झाली ती अशी : खराब मॅट काढणं आणि नवी बसवण्याची मजुरी पुरवठादाराची, नवे रोल त्याच्या खरेदीच्या भावात, खालचं सगळं काम मंडळाच्या खर्चाने. हमी-वादात याहून बरा शेवट मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

दुरुस्तीचे तीन मार्ग होते. तसाच गोंद पुन्हा लावणं हा पहिला, तो सोडूनच दिला. दुसरा, स्लॅब पूर्ण घासून त्यावर ओल अडवणारा दोन घटकांचा इपॉक्सी थर द्यायचा, त्यावर समतल करणारं मिश्रण, मग गोंद आणि मॅट. हा मार्ग तांत्रिकदृष्ट्या चांगला आहे. पण जुना रंग कणभरही राहून चालत नाही, ट्रिमिक्सचे कापलेले सांधे हलतात, आणि मिठाने भरलेल्या स्लॅबवर एक टाचणीएवढं भोक राहिलं तर तिथून पुन्हा सुरुवात होते. आणि एवढं करूनही मुलांच्या पायांखाली सात मिलिमीटरचा फोमच राहणार होता.

तिसरा मार्ग आम्ही घेतला. स्लॅब साफ करून त्यावर २५० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद, जोडांवर वीतभर चढवून टेप लावलेला, भिंतीवर थोडा वर वळवलेला. त्यावर रबरी पॅड, पॅडवर लाकडी पट्ट्या, आणि पट्ट्यांवर आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायचे (पाणी सोसणाऱ्या प्लायवूडचे) दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येणार नाहीत अशा बेताने. भिंतीपाशी बोटभर फट सोडली, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतंच. फट स्कर्टिंगने झाकली आणि स्कर्टिंगला हवेची भोकं ठेवली. वाळवीचं औषध आधी स्लॅबच्या कडेने, मग लाकडाला. खाडीकडच्या भिंतीत वारा बाहेर काढणारा पंखा बसवला. वर मॅट न चिकटवता पसरली, फक्त कडांना दुहेरी टेप. बॅडमिंटन मॅटचे रोल साधारण १.८ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब असतात. चार रोलमध्ये एक कोर्ट झाकतं. आता शंका आली तर एक रोल गुंडाळून खाली बघता येतं.

कबड्डीवाल्यांना हा फायदा आधीपासून आहे. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, आणि मॅट एकमेकींत अडकणाऱ्या सुट्या चौकोनांची; सराव संपला की उचलून भिंतीला लावता येते, स्लॅबला श्वास घेता येतो. बॅडमिंटनच्या मंडळांनी त्यांच्याकडून एवढं जरूर घ्यावं.

चिकटवलेली मॅट काढताना तिचा खालचा फोम फाटला, त्यामुळे तिसऱ्या आणि चौथ्या कोर्टाची मॅट वाया गेली. सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आली. लाकडी सांगाड्याने फरशी सात-आठ सेंटिमीटर वर आली. चारही कोर्टं एकदम उचलावीत असा माझा आग्रह होता. मंडळाकडे पैसे दोनांपुरतेच होते. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या कोर्टाच्या मधल्या मोकळ्या पट्टीत मीटरभर रुंद उतार केला, तो पिवळा रंगवला आणि मध्ये छतापासून जाळीचा पडदा सोडला. खेळाच्या जागेत उंचीचा फरक ठेवणं मला पटलेलं नाही आणि मी ते लेखी दिलं आहे. मॅडमनी त्यावर स्वतःच नियम केला : दुसऱ्या कोर्टावर सामने नाहीत, फक्त त्यांच्या देखरेखीखाली ड्रिल. नेटचे खांब जमिनीत बोल्ट केलेले होते, ते काढून वजनाच्या पायाचे सरकते खांब घेतले.

देखभालीबद्दल थोडक्यात. कोरडा मोठा मॉप रोज, पाण्याचा फडका पिळून, साबण सौम्य, फिनेल आणि अॅसिड बंद. बाहेरचे बूट दारात. धूळ बसली तरी घर्षण उतरतं, म्हणून मॉप संध्याकाळच्या बॅचच्या आधीही फिरवायचा.

पुढचा पावसाळा तिसऱ्या आणि चौथ्या कोर्टाने नीट काढला. सप्टेंबरमध्ये चौथ्याचा एक रोल उचलून पाहिला. प्लाय कोरडी होती, पॉलिथिनच्या खालच्या बाजूला मात्र पाण्याचे थेंब धरलेले दिसले. ओल जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली होती. मुलं आता तिसरं-चौथं मिळावं म्हणून आधी येऊन थांबतात, असं मॅडम सांगतात. उडी मारून उतरताना फरक लगेच कळतो म्हणे. सकाळच्या बॅचमधल्या काकूंकडे सचिवांनी एक वही दिली आहे. तिरक्या उजेडात काही दिसलं तर तारीख आणि जागा लिहायची.

मंडळाच्या नव्या मागणीपत्रात आता जाडीच्या आधी चार गोष्टी विचारल्या जातात : आघातशोषणाचा आणि घर्षणाचा चाचणी-अहवाल, गोंदाची आर्द्रता-मर्यादा, स्लॅबच्या आतल्या आर्द्रतेची पावसाळ्यातली मोजणी कोण करणार, आणि जुना रंग कोण काढणार. शेजारच्या दोन सोसायट्यांनी तो कागद मागून नेला आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या कोर्टावरची मॅट अजून चिकटवलेलीच आहे. दुसऱ्याच्या छिद्रातला आकडा या पावसाळ्यात आणखी चढला आणि तिसऱ्याकडच्या कडेला दोन फुगवटे आले, दोन्ही वहीत नोंदवलेले. दिवाळीनंतरच्या सर्वसाधारण सभेत त्या दोन कोर्टांचा खर्च मंजुरीला ठेवला आहे.